बर्फाला घातलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना हिवाळी कोट आहे. माझा रंग निळा आहे, माझ्या पोटात बदकाची पिसे आहेत आणि टोपीला खोट्या केसांची झालर आहे. सध्या माझा मुक्काम श्रीवर्धन तालुक्यातल्या एका कोळीवाड्यात, नीराबाईंच्या ओटीवर आहे. तिथे एका लाकडी पेटीच्या अंगावर मी चढवलेला असतो. येणारेजाणारे मला पाहून हसतात. हसू द्या. ज्यांनी जन्मात कधी उणे तीस अंश थंडी पाहिली नाही, त्यांच्या हसण्याला मी काडीची किंमत देत नाही.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा फार गोड बोलतात. मोडकी छत्री असो नाहीतर गंजलेली सायकल, तिला सगळ्यांविषयी माया असते. मला ते जमत नाही. मी दोन देश पाहिले आणि दोन्हीकडच्या माणसांविषयी माझे मत वाईटच झाले. त्यातही माझा मालक केतन याच्याविषयी सर्वांत वाईट.

माझा जन्म मात्र थंडीत झाला नाही. व्हिएतनाममधल्या एका कारखान्यात, पत्र्याच्या छपराखाली, घामाने निथळणाऱ्या बायकांनी मला शिवले. जिने माझी चेन लावली तिने बर्फ फक्त सरबतात पाहिला होता. ही गोष्ट मी कित्येक वर्षे लपवून ठेवली. कॅनडात विनिपेग नावाच्या शहरातल्या दुकानात मला टांगले, तेव्हा मी शेजारच्या कोटांपुढे असा रुबाब केला की जणू माझे सात पिढ्यांचे घर उत्तर ध्रुवावरच आहे.

एका नोव्हेंबरात केतन त्या दुकानात शिरला. अंगात अलिबागच्या बाजारातून घेतलेला पातळ स्वेटर, कानाला मफलर आणि ओठ जांभळे. त्याने मला अंगात घातले ते काढलेच नाही. तसाच पैसे द्यायला गेला. मला त्याची कीव आली, आणि कीव आली की माणूस काय किंवा कोट काय, स्वतःला मोठा समजू लागतो. मी ठरवले की या बापड्याला ऊब देणारा मी.

सहा हिवाळे मी त्याच्या अंगावर काढले. तो एका किराणा मालाच्या गोदामात काम करायचा. पहाटे साडेपाचला बसच्या थांब्यावर उभा राहायचा, माझी चेन गळ्यापर्यंत ओढायचा, एकदा हाताने चाचपून बघायचा आणि मग कॉलरमध्ये तोंड खुपसून बडबडायचा. ती बडबड मी सहा वर्षे ऐकली आहे. "आयेच्या हातचं बोंबलाचं कालवण. तांदळाची गरम भाकरी. दाराशी येऊन हाका मारणारी माणसं." तिथल्या पावाला तो कापूस म्हणायचा. तिथल्या शांततेला स्मशान म्हणायचा. नळाला चोवीस तास गरम पाणी येई, त्याचे त्याला काही नव्हते. विहिरीच्या गार पाण्याची आंघोळ आठवून तो हळहळायचा. कधीकधी रडायचाही. माझ्या उजव्या बाहीवर त्याने डोळे आणि नाक पुसल्याचा डाग अजून आहे. दर रविवारी तो आईला फोन करायचा. चार मिनिटे.

"जेवलीस का, आये?"

"जेवले. तू जेवलास?"

"जेवलो. सगळं बरंय ना?"

"बरं हाय. थंडीत फिरू नको."

झाला फोन. मग तो खिडकीपाशी उभा राहून मोठा सुस्कारा टाकायचा, आणि याच्यासारखा मातृभक्त दुसरा नाही, असे त्यालाही वाटायचे आणि मलाही वाटायचे. मी तेव्हा तरुण होतो. माणसांची मला पारख नव्हती.

सहा वर्षांनी त्याचा तिथे राहण्याचा परवाना संपला. बॅगेत मी मावलो नाही, म्हणून त्याने मला खांद्यावर टाकले. एप्रिल महिन्यात मुंबईच्या विमानतळावर एक माणूस बदकाच्या पिसांचा कोट घेऊन उतरला, तेव्हा लोकांनी काय पाहिले असेल ते तुम्हीच ओळखा. रो-रो बोटीने खाडी ओलांडली, अलिबागला एसटी धरली, बोर्ली पंचतनला उतरून रिक्षा केली. दारात नीराबाई उभ्या होत्या. त्यांनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्यावरून फिरवला आणि म्हणाल्या, "गोधडी आनलीस व्हय रं?"

गोधडी! मित्रांनो, मी तो अपमान अजून विसरलेलो नाही.

घरात शिरताच केतनने पहिले काम काय केले असेल? फ्रिज उघडला. तिकडून आणलेला चीजचा डबा त्याला आत ठेवायचा होता. दाराच्या कप्प्यात तीन छोट्या काचेच्या बाटल्या होत्या.

"आये, हे काय गं?"

"सुईचं औषध. साखरेचं. सकाळ-संध्याकाळ घेते. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? तिकडं बर्फात राहतोस, तुला तुझी काळजी कमी हाय व्हय?"

सहा वर्षांचे रविवार मोजा. त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत आई दिवसातून दोनदा पोटात सुई टोचून घेत होती आणि मातृभक्ताला त्याचा पत्ता नव्हता.  मग त्याने त्या बाटल्या कोपऱ्यात सरकवल्या आणि त्यांच्या जागी चीजचा डबा ठेवला. त्या क्षणी माझ्या मनातून तो जो उतरला, तो उतरलाच.

पुढे जे सुरू झाले त्याची तर हद्द होती. ज्या तिकडच्या नावाने त्याने सहा वर्षे बोटे मोडली, त्याच तिकडची आता पूजा सुरू झाली. उठला की, "तिकडे नळ उघडला की गरम पाणी." न्याहारीला तांदळाची गरम भाकरी पुढे आली की, "तिकडचा टोस्ट मिस करतो मी." हो, तोच कापूस! रस्त्यावर गेला की, "तिकडे फुटपाथ असतो. गाडी थांबते, हात करून पुढे जा म्हणते." एसटी उशिरा आली की, "तिकडे बस पाच चाळीसला म्हणजे पाच चाळीसला." शेजारच्या सखुबाई हाक न मारता थेट चुलीपर्यंत यायच्या, त्याचाही त्याला त्रास. "तिकडे कोणी फोन केल्याशिवाय येत नाही." बाहेर लाउडस्पीकर लागला की म्हणे, "तिकडची शांतता." स्मशानाची शांतता झाली! मी दारामागच्या खिळ्यावर लटकून हे ऐकत असे आणि मला वाटे, याच्या तोंडावर बाही मारावी. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खरे. पण हा गडी असा की, ज्या डोंगरावर बसेल तो सोडून दुसऱ्याच डोंगराकडे बघणार.

आणि आठवण काढून करायचा काय? काही नाही. गरम पाणी हवे तर बंब पेटवावा, तर तोही नीराबाईंनीच पेटवायचा. हा आपला खुर्चीत बसून उसासे टाकणार. लहानपणी शिवदास तांडेलांच्या होडीवर चढलेला हा मुलगा आता जेटीवर गेला की नाकाला रुमाल लावायचा. शिवदास म्हणजे त्याचे वडील. ते वारल्यावर होडी विकली गेली आणि होडीवरची बर्फाची लाकडी पेटी तेवढी मागच्या पडवीत उरली. तिच्यात नीराबाई चुलीसाठी नारळाची सोडणे ठेवायच्या.

माझे म्हणाल तर माझे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. पावसाळ्यात माझ्या पाठीवर हिरवी बुरशी चढली. पाऊस उघडल्यावर नीराबाईंनी मला चांगले झोडपले आणि अंगणात, जिथे बोंबील वाळत घालतात त्या आडव्या बांबूंवर टाकले. माझ्या डावीकडे बोंबील, उजवीकडे बोंबील. बोंबलांना तोंड असते हे लक्षात घ्या. ते उघडेच असते. चार दिवस ते माझ्याकडे आ वासून बघत होते. तेव्हापासून माझ्या अस्तराला जो वास लागला तो लागला. केतनने मला हुंगले आणि तोंड वाकडे केले. "वाट लावली, आये. हा कोट मला लागणार आहे."

कशाला लागणार, ते त्याने तेव्हा सांगितले नाही.

मग पुढच्या वर्षी मे महिन्यात वादळ आले. त्याचे वर्णन मी करत बसत नाही, ते सगळेच करतात. सकाळी सुरू झाले, दुपारपर्यंत संपले. निघून गेले तेव्हा नारळी-पोफळी रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, विजेचे खांब वाकले होते आणि आमच्या घराची निम्मी कौले शेजारच्या वाडीत होती. बोर्लीचा रस्ता बंद. वीज बंद. मोबाइल बंद. केतन म्हणाला, "तिकडे वादळ आलं तरी लाइट जात नाही." मित्रांनो, त्याला कोणी विचारले होते का?

दुसऱ्या दिवशी ऊन असे पडले की भिंती तापल्या. फ्रिज बंद होऊन बराच वेळ झाला होता. मुंबईहून मागवलेले नवे चीज वितळून त्याचा लगदा झाला, तेव्हा कुठे केतनच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने कोपऱ्यातल्या तिन्ही बाटल्या हातात घेतल्या. त्या कोमट झाल्या होत्या. तो धावत सरकारी दवाखान्यात गेला. तिथला फ्रिजही बंद आणि शिलकीतले इन्सुलिन संपलेले. नर्सबाई म्हणाल्या, "आहे ते जपा. गार जागी ठेवा. रस्ता मोकळा झाल्याशिवाय अलिबागहून काही येणार नाही. आठ-दहा दिवस तरी धरून चाला."

बंदरावरचा बर्फाचा कारखाना वीज गेल्यापासून बंद होता. आत ज्या लाद्या उरल्या होत्या त्या वाटल्या जात होत्या. सखुबाईंनी आपल्या वाट्याची अर्धी लादी पाटीतून डोक्यावर आणली आणि थेट नीराबाईंच्या मोरीत ठेवली. सखुबाई नीराबाईंच्या जुन्या जोडीदारीण. दोघी तीस वर्षे एकाच फळीवर मासे विकत आल्या. त्या फोन न करता येतात, हे तुम्हाला आठवत असेल.

आता केतनची हुशारी पाहा. सहा वर्षे बर्फाच्या देशात राहिलेला हा तज्ज्ञ. त्याने एक बाटली थेट लादीवर ठेवली, जास्त गार व्हावी म्हणून मीठ मारून वर एक बर्फाचा तुकडा चेपला आणि दुसरी ठेवायला जागा करू लागला. नीराबाईंनी हाक मारली म्हणून तो बाहेर गेला आणि कौले चढवण्यात गुंतला. दोन तासांनी येऊन बघतो तर बाटलीतले औषध गोठून पांढरे झालेले. पुन्हा दवाखाना. नर्सबाईंनी बाटली उजेडाकडे धरली. "ही गेली. गोठलं की औषध मेलं. फेकून द्या." तीनातल्या दोन उरल्या. त्यातली एक अर्धी.

घरी आला तो पांढराफटक. नीराबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. "जाऊ दे. दोन हायत ना? दिवसाला एकच सुई घेईन मी."

"असं चालत नाही, आये!"

"मग काय चालतं?"

 तिकडचे सगळे त्याला पाठ होते, पण याचे उत्तर तिकडे नव्हते.

तेवढ्यात सखुबाई आल्या. मोरीत त्यांनी डोकावले. लादी निम्मी वितळून गेली होती. त्यांनी केतनला जे सुनावले त्यातले निम्मे मी इथे सांगू शकत नाही. "तांडेलाचा पोर ना रं तू? बर्फ असा उघडा टाकतात व्हय? तुझा बापूस पाच दिवस दर्यावर राहायचा, मावरं कसं राखायचा?" त्यांनी पडवीतली पेटी ओढून आणली, सोडणे ओतून दिली, तळाला भुसा घातला. कारखान्यातली शेवटची एक लादी स्वतः भांडून आणली. ती पेटीत ठेवली, चोहोबाजूंनी भुसा दाबला. दोन्ही बाटल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा भुशावर असा बसवला की बर्फाचा गारवा लागावा पण बर्फ टेकू नये. झाकण लावले. वर गोणपाट टाकले. मग कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "येवढ्यानं चार दिस निघतील. दहा न्हाय निघायचे."

आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"तो कोट काढ."

केतन हसला. इतक्या संकटातही त्याला हसू आले. "मावशी, तो थंडीचा कोट आहे. तो गरम करतो. बर्फाला घातला तर बर्फ तासाभरात पाणी होईल."

मीही मनात म्हणालो, बरोबर. या बाईला काय कळते? गाढवाला गुळाची चव काय!

सखुबाईंनी पेटीवर थाप मारली. "कोट म्हंजे चूल हाय व्हय रं? त्याच्या पोटात इंगळ हायत? अरे, कोट काय गरम करत न्हाय न् गार बी करत न्हाय. आत जं हाय तं बाहेर जाऊ देत न्हाय. बस. मानूस आत असला तर मानूस राखील, बर्फ असला तर बर्फ."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा सर्वांत वाईट क्षण. बोंबलांच्या रांगेत टांगला गेलो तेव्हाही इतके वाईट वाटले नव्हते. सहा हिवाळे मी समजत होतो की मी ऊब देतो. ती ऊब त्याची त्याचीच होती. मी नुसता दार लावून बसलेलो. ज्या गर्वावर मी सगळ्या जगाला तुच्छ लेखत आलो, तो एका मासे विकणाऱ्या बाईने दोन वाक्यांत उतरवला. आणि बाई बरोबर बोलत होती.

केतनने मला खिळ्यावरून काढले, पण हातातून सोडले नाही. "हा मला लागणार आहे, मावशी. माझा परवाना परत मंजूर झालाय. जूनमध्ये जातोय मी."

ओटीवर शांतता पसरली. तिकडची शांतता त्याला हवी होती ना? ती हीच. नीराबाईंचा सुपातला हात थांबला. त्यांनाही हे तेव्हाच कळत होते.

"कदी मंजूर झाला?" त्यांनी विचारले.

"महिना झाला."

"बरं झालं," नीराबाई म्हणाल्या. "राहू दे गं त्याचा कोट त्याला, सखू. तिकडं थंडी लय असते."

त्या रागाने बोलल्या असत्या तर बरे झाले असते. त्या खरेच तसे म्हणत होत्या. जिची सुई दहा दिवस टिकेल की नाही हे एका पेटीवर ठरणार होते, ती बाई मुलाला तिकडे थंडी वाजेल म्हणून कोट राहू द्यायला सांगत होती. मी केतनकडे पाहिले. मनात म्हटले, घे आता मला आणि जा. तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नाही.

तो खाली बसला. मला त्याने पेटीभोवती गुंडाळले आणि चेन लावली. सखुबाईंनी टोपी झाकणावर ओढली. दोन्ही बाह्या पुढे घेऊन गाठ मारली. मग त्या म्हणाल्या, "आता सारखा उघडून बघू नको. सुईच्या वेळेलाच उघड."

नऊ दिवस मी त्या पेटीला मिठी मारून बसलो होतो. बाहेर ऊन, आत बर्फ. गल्लीतली पोरे यायची आणि म्हणायची, "पेटीला थंडी भरली!" मी कोणाकडे लक्ष दिले नाही. मला काम होते. केतन दिवसातून दोनदा चेन खाली घ्यायचा, डबा काढायचा, बाटली हाताच्या पाठीला लावून बघायचा. नर्सबाईंनी शिकवल्याप्रमाणे आईला सुई तोच देऊ लागला. पहिल्या दिवशी त्याचेच डोळे मिटलेले होते. नीराबाई म्हणाल्या, "डोळे उघडून टोच रं बाबा, पोट माझं हाय." त्या नऊ दिवसांत "तिकडे" हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही. हे मी मोजले आहे, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

दहाव्या दिवशी रस्ता उघडला आणि अलिबागहून औषध आले. सखुबाईंनी पेटी रिकामी केली. भुशात नारळाएवढा बर्फ शिल्लक होता. त्यांनी तो केतनच्या हातावर ठेवला. तो बराच वेळ ते गार पाणी हातावरून गळू देत बसला होता.

जून आला आणि गेला. केतन गेला नाही. आता तुम्ही म्हणाल, केवढा त्याग! त्याग वगैरे काही नाही. आज तो बोर्लीच्या बाजारात दोघींचे मासे पोचवतो, आणि अजूनही सकाळी बंबापाशी बसून म्हणतो, "तिकडे नळ उघडला की गरम पाणी." फरक एवढाच की बंब तो स्वतः पेटवतो. वीज आठवड्यातून दोनदा जातेच, म्हणून पेटी ओटीवर भरलेली असते आणि मी तिच्या अंगावर. भुसा, मावरे आणि मिठाचे पाणी यांनी माझी अशी काही स्थिती झाली आहे की आता मला कोणतेही विमान आत घेणार नाही.

मित्रांनो, शेवटी उपदेश करायची रीत आहे, म्हणून करतो. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिची आठवण काढत बसू नका, तिला कामाला लावा. आणि माणसाच्या बाबतीत तर मुळीच आठवणींवर भागवू नका. मी सहा वर्षे एका माणसाच्या आठवणी अंगावर वागवल्या आहेत, त्यांची किंमत मला ठाऊक आहे. आठवण काढायला काही लागत नाही. काळजी घ्यायला बर्फ लागतो.

आज सकाळी पुन्हा वीज गेली. केतन तिकडच्या विजेचे गुणगान करत ओटीवर आला. नेहमीप्रमाणे मी तिरस्काराने ऐकत होतो. बोलता बोलता त्याने डबा काढला, बाटली हाताच्या पाठीला लावून पाहिली, परत ठेवली, झाकण लावले. मग माझी चेन गळ्यापर्यंत ओढली आणि नीट बसली की नाही ते एकदा हाताने चाचपून पाहिले, जसा तो तिकडे बसच्या थांब्यावर स्वतःसाठी बघायचा.